दोष कोणाचा?

वर्गांत एखादा विद्यार्थी अंगानें स्थूल असला, म्हणजे त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार सर्वांसच मिळाल्यासारखा होतो. सोबती त्याला टोपणनांव देतात, खेळांत त्याला सर्वांच्या शेवटीं घेतात, शिक्षकही प्रसंगीं त्याच्या आळसावर कोटी करितात, आणि घरचीं वडील माणसें "तोंड आवर" एवढा उपदेश करून मोकळीं होतात. लंगड्याला किंवा आंधळ्याला हंसूं नये, हें आपण मुलांस लहानपणींच शिकवितों. परंतु लठ्ठ मुलाला हंसण्यांत कांहीं वावगें आहे, असें फारच थोड्यांस वाटतें. त्याची अवस्था हें त्याच्याच खादाडपणाचें फळ होय, अशी आपली पक्की समजूत असते.

योहानकृत शुभवर्तमानांत एका जन्मांध मनुष्याची कथा आहे. त्याला पाहून शिष्यांच्या मनांत पहिला विचार आला तो हा कीं, हा कोणाच्या पापाचा परिणाम असावा, त्याच्या स्वतःच्या कीं त्याच्या आईबापांच्या? प्रभूनें दोघांवरचाही ठपका दूर केला आणि त्या मनुष्याला दृष्टि दिली. शिष्य अपराधी शोधीत होते. प्रभूचें लक्ष त्या दुःखी मनुष्याकडे होतें. स्थूल मुलांविषयीं आपणही शिष्यांचाच प्रश्न विचारीत असतों, व त्याचें उत्तर घाईघाईनें देऊन टाकितों. तें उत्तर किती अपुरें आहे, हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या हिस्पॅनिक मुलांच्या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसतें. म्हणून आधीं त्यांची हकीकत सांगतों.

मेक्सिको, पोर्टो रिको, क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, तसेंच मध्य व दक्षिण अमेरिकेंतील स्पॅनिश बोलणारे देश, येथून आलेल्या लोकांस व त्यांच्या वंशजांस तिकडे हिस्पॅनिक म्हणतात. हा एक वंश नव्हे. त्यांत गोरे आहेत, काळे आहेत, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे वंशज आहेत, आणि पुष्कळांच्या अंगांत या सर्वांचें रक्त मिसळलेलें आहे. २०२० च्या खानेसुमारींत त्यांची संख्या सुमारें ६ कोटी २१ लक्ष, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ शेंकडा १९ भरली. शेतांतील फळें तोडणें, इमारती बांधणें, हॉटेलांतील खोल्या झाडणें, मांसाच्या कारखान्यांत राबणें, अशीं कष्टाचीं कामें करणाऱ्यांत त्यांचा भरणा मोठा आहे.

२०१७ ते २०२० या काळांत तेथील सरकारनें केलेल्या पाहणींत २ ते १९ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा १९.७ मुलें लठ्ठ आढळलीं. गोऱ्या मुलांत हें प्रमाण शेंकडा १६.६ होतें, हिस्पॅनिक मुलांत तें शेंकडा २६.२ होतें, म्हणजे दर चार मुलांमागें एकाहून अधिक. येथें लठ्ठ हा शब्द केवळ डोळ्यांनीं पाहून लाविलेला नाहीं. उंचीच्या मानानें वजनाचा अंक काढून तो त्याच वयाच्या मुलांच्या किंवा मुलींच्या ठराविक कोष्टकाशीं ताडून पाहतात. त्या कोष्टकांतील शंभरांपैकीं पंचाण्णवांच्या वर जो अंक जाईल, तो लठ्ठपणाचा समजावयाचा.

कोणी म्हणेल, वाढतें वय आहे, पुढें अंग आपोआप झडेल; हृदयविकार हा पन्नाशीचा रोग, त्याची चिंता चौदाव्या वर्षीं कशाला? परंतु या रोगाचें बीं फार लवकर पडतें. कोरियाच्या युद्धांत कामास आलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी करण्यांत आली, व तिचा वृत्तांत १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. त्या सैनिकांचें सरासरी वय २२ वर्षांचें होतें. सैन्यानें पारखून घेतलेले हे तरुण. तरीही त्यांतील शेंकडा ७७ जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत रोगाची कांहीं ना कांहीं खूण सांपडली. पुढें लुइझियाना राज्यांतील बोगालुसा या गांवीं १९७३ सालापासून मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालला, त्यांत असें दिसून आलें कीं, वजन, रक्तदाब आणि रक्तांतील चरबी हीं जितकीं अधिक, तितका रोहिण्यांतील बिघाड लहान वयांतही अधिक.

हें कसें घडतें, तें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. अन्नांतील साखर रक्तांत उतरली म्हणजे ती शरीराच्या पेशींत घेण्यासाठीं स्वादुपिंडांतून इन्शुलिन नांवाचा रस स्रवतो. उरलेलें अन्न चरबीच्या रूपानें सांठविलें जातें. ही चरबी कातडीखालीं आहे तोंवर ती कोठारांतील धान्यासारखी असते. तिचा उपद्रव थोडा. परंतु कोठार भरलें कीं पोतीं माजघरांत व स्वयंपाकघरांत येऊन पडतात, आणि घरांत हिंडण्यास वाट उरत नाहीं. त्याचप्रमाणें फाजील चरबी यकृतांत, आंतड्यांभोंवतीं आणि स्नायूंत शिरते. मग पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन ओतीत राहतें, यकृत रक्तांत जास्त चरबी सोडूं लागतें, हितकारक कोलेस्टेरॉल घटतें, रक्तदाब चढतो. आणि शेवटीं स्वादुपिंड थकलें म्हणजे मधुमेह प्रकट होतो. या सर्व काळांत मुलाला बहुधा कोठें दुखत नाहीं कीं खुपत नाहीं.

ज्या मधुमेहाला पूर्वीं प्रौढांचा मधुमेह म्हणत, तो आतां शाळकरी मुलांस होऊं लागला आहे. अमेरिकेंत अशा १० ते १७ वर्षांच्या रोगी मुलांचा अनेक वर्षें मागोवा घेण्यांत आला. त्यांत पांचांपैकीं सुमारें दोन मुलें हिस्पॅनिक होतीं. त्याचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां तीं मुलें सरासरीनें २६ वर्षांचीं झालीं होतीं. तोंवर त्यांपैकीं तिघांत दोघांस रक्तदाबाचा विकार जडला होता, आणि शेंकडा ६० जणांचीं मूत्रपिंडें, डोळे किंवा मज्जातंतु यांपैकीं कशाला तरी इजा पोंचली होती. ज्या वयांत मनुष्य नोकरीला लागतो व संसार थाटतो, त्या वयांत हीं मुलें म्हाताऱ्यांच्या रोगांनीं गांठलीं गेलीं. मूल गुटगुटीत आहे, असें म्हणून जे हंसतात त्यांनीं हे आंकडे दोनदां वाचावे.

या रोगाची एक खूण मात्र शिक्षकांस व आयांस उघड्या डोळ्यांनीं दिसण्यासारखी आहे. पुष्कळ स्थूल मुलांच्या मानेच्या मागच्या बाजूस व काखेंत कातडी काळवंडते आणि मखमलीसारखी जाड होते. रक्तांत इन्शुलिन फाजील झाल्यानें असें होतें. टेक्सास राज्यांत मेक्सिकोच्या सरहद्दीलगतच्या भागांत हिस्पॅनिक वस्ती दाट आहे. तेथें शाळांतून मुलांची मान पाहण्याची कायद्यानेंच व्यवस्था केलेली आहे, आणि अशी खूण दिसली तर घरीं पत्र जातें. ही व्यवस्था होण्याचें कारण विचार करण्याजोगें आहे. काळी पडलेली मान पाहिली म्हणजे ती मळकट आहे असेंच कोणासही वाटतें. आई साबणानें व खरखरीत फडक्यानें ती घासते, शिक्षक स्वच्छतेचा पाठ देतात, आणि तो काळेपणा कांहीं केल्या जात नाहीं. ज्या खुणेनें मोठ्यांनीं सावध व्हावयाचें, त्याच खुणेबद्दल मुलाला बोल लागतो. जेथें वैद्याकडे नेणें हें कर्तव्य होतें, तेथें आपण शिक्षा करितों. स्थूल मुलांविषयींच्या आपल्या सर्व वागणुकीचें चित्र या एका गोष्टींत उमटलें आहे.

मग दोष मुलाचा नाहीं तर रक्ताचा आहे काय? आनुवंशिकतेचा कांहीं भाग आहे, हें खरें. टेक्सासमधील डॅलस शहरीं झालेल्या व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, यकृतांत चरबी सांठण्यास अनुकूल असा एका जनुकाचा प्रकार हिस्पॅनिक लोकांत इतरांपेक्षां अधिक प्रमाणांत आहे. परंतु जनुकें एकदोन पिढ्यांत पालटत नाहींत. १९७१ ते १९७४ च्या पाहणींत अमेरिकेंतील सर्व मुलांत लठ्ठ मुलें शेंकडा ५ च होतीं. आज तीं जवळजवळ चौपट झालीं आहेत. पन्नास वर्षांत रक्त बदललें नाहीं. मुलें एकाएकीं अधिक पापी झालीं, असेंही कोणी म्हणणार नाहीं. बदललें तें मुलांच्या भोंवतींचें जग.

याला आणखी एक पुरावा आहे. हिस्पॅनिक लोकांची प्राप्ति गोऱ्या लोकांहून कमी, वैद्यकीय सोय कमी. तरीही २०१९ सालीं त्यांचें सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षें होतें, आणि गोऱ्यांचें ७८.८. धूम्रपान कमी, कुटुंबाचा लळा घट्ट, अशीं त्याचीं कारणें सांगण्यांत येतात. जी पिढी हें दीर्घायुष्य घेऊन आली, ती मक्याच्या भाकरी, घेवडा, भोपळा आणि मिरची यांवर वाढलेली व अंगमेहनत केलेली होती. तिच्या नातवंडांच्या हातीं आज बाटली आणि पुडी आहे. साखरेच्या फसफसणाऱ्या पेयाच्या ३५५ मिलिलिटरच्या एका डब्यांत सुमारें ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे नऊ-दहा चमचे. दोन वर्षांच्या पुढील मुलांनीं दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमहून कमी खावी, असें अमेरिकन हार्ट असोसिएशननें २०१६ सालीं सांगितलें आहे. एका डब्यांतच दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. आणि त्या डब्याची जाहिरात मुलाच्या घरच्या भाषेंत, स्पॅनिशमध्यें, दिवसभर त्याच्या कानांवर पडत असते. आई दोन ठिकाणीं काम करून रात्रीं परतते. घराबाहेर खेळण्यास सुरक्षित जागा नाहीं. पोट भरणारें सर्वांत स्वस्त अन्न तळलेलें किंवा गोड असतें. अशा स्थितींत वाढणाऱ्या मुलाला "तोंड आवर" म्हणणें सोपें आहे.

यांत आईच्या ममतेचाही भाग आहे, व तो हळुवारपणें सांगितला पाहिजे. मेक्सिकन घरांत लाडक्या मुलाला गोर्दितो म्हणतात; त्याचा अर्थ लठ्ठंभारती. आपल्याकडेही गुटगुटीत बाळ हें आईच्या कर्तबगारीचें प्रमाणपत्र समजलें जातें. ज्या लोकांनीं उपासमार पाहिली आहे, त्यांस बारीक मूल पाहून धडकी भरते व भरल्या अंगाचें मूल पाहून समाधान वाटतें, यांत नवल तें काय? ती आई चुकते, पण प्रेमापोटीं चुकते. तिला नवें ज्ञान द्यावें. तिची निर्भर्त्सना करूं नये.

येथें एक विचारी आक्षेपक पुढें येईल. तो म्हणेल, "परिस्थितीवर सर्व भार टाकिला, तर मनुष्याच्या इच्छाशक्तीला अर्थ काय राहिला? संयम हा सद्गुण आहे कीं नाहीं?" हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. सोळा वर्षांच्या मुलाला इच्छाशक्ति असते आणि ती वापरण्यास त्यानें शिकलें पाहिजे. शरीर ही देवानें सोंपविलेली ठेव आहे, अशी आम्हां ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. ठेवीचा हिशेब ज्याचा त्यालाच द्यावा लागतो. परंतु संयमाची परीक्षा घेणाऱ्यानेंही मर्यादा पाळावी. शाळेच्या दाराशीं, रस्त्याच्या प्रत्येक वळणावर आणि घरांतील प्रत्येक पडद्यावर मोह मांडून ठेवावा, त्यांतून पैसा मिळवावा, आणि मग बालकानें संयम राखला नाहीं म्हणून त्याला दोष द्यावा, हा न्याय नव्हे.

मेक्सिको देशानें या बाबतींत जें केलें, तें पाहण्यासारखें आहे. १ जानेवारी २०१४ पासून तेथें साखरेच्या पेयांवर लिटरला एक पेसो कर बसविण्यांत आला. पहिल्या दोन वर्षांत अशा पेयांची खरेदी, कर नसतां जितकी झाली असती तिच्या मानानें, सरासरीनें शेंकडा ७.६ इतकी घटली. २०२० च्या ऑक्टोबरपासून साखर, मीठ किंवा चरबी फाजील असलेल्या वेष्टनांवर अष्टकोनी काळी खूण छापण्याची सक्ति झाली. ज्याला फारसें वाचतां येत नाहीं त्यालाही ती कळते. २९ मार्च २०२५ पासून शाळांत असले पदार्थ विकण्यास मनाई झाली. तेवढ्यानें लठ्ठपणा नाहींसा झाला असें नव्हे. करामुळें गरिबाला झळ लागते, हेंही खरें. आणि शाळेंत पिण्यास स्वच्छ पाणी नसेल तर बाटली महाग करण्यांत धर्म नाहीं. परंतु रोगाची झळ कराच्या झळीहून कितीतरी मोठी असते, आणि तीही गरिबालाच आधीं लागते. मुलांस आवर घालण्यापूर्वीं मोठ्यांनीं आपलीं दुकानें आवरावीं, हें तत्त्व त्या देशानें मान्य केलें, यांतच मला त्याचा मोठेपणा वाटतो.

वैद्यांचें मतही याच दिशेनें वळलें आहे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें जानेवारी २०२३ मध्यें नवे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. लठ्ठपणा हा रोग आहे, वाट पाहत बसूं नये, आणि मुलाला लाज आणणारी भाषा वापरूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. तीन ते बारा महिन्यांच्या अवधींत निदान २६ तास मुलाबरोबर व त्याच्या कुटुंबाबरोबर बसून आहार, व्यायाम आणि संवयी यांचें शिक्षण द्यावें, अशी त्यांची शिफारस आहे. बारा वर्षांवरील मुलांस आवश्यक तर औषधही देण्यास त्यांनीं मुभा दिली आहे. औषधाला मी नांवें ठेवीत नाहीं. ज्याला वैद्यानें दिलें त्यानें तें घ्यावें. परंतु २६ तासांचा आंकडा आपण सर्वांनीं ध्यानांत धरावा. टोमणा मारण्यास अर्धें मिनिट पुरतें. मुलाला बरें करण्यास संपूर्ण कुटुंबाचे २६ तास लागतात.

आतां हें सर्व आपल्या मासिकांत कां लिहावें? कारण या प्रकारची प्रकृति केवळ हिस्पॅनिकांचीच नाहीं. २००४ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत दोन डॉक्टरांचें छायाचित्र छापून आलें; एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही सारखाच, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१ निघाली, आणि याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरांतही चरबी लपून बसते, आणि मधुमेह आपल्याला लवकर गांठतो, हें या उदाहरणावरून जगास समजलें. हिस्पॅनिक मुलांवर जी पाळी आली, ती आपल्या घराच्या उंबरठ्यापाशीं उभी आहे.

पालकहो, आपल्या मुलाची मान काळवंडलेली दिसली तर ती घासूं नका. त्याला डॉक्टरकडे न्या. तशी खूण असलेल्या प्रत्येकास मधुमेह होतोच असें नाहीं, पण तपासणी अवश्य करावी. एका मुलासाठीं पथ्य व इतरांसाठीं मिठाई, अशी पंगत मांडूं नका. जें पथ्य असेल तें सर्व घराचें असूं द्या. आपल्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीला, मोडाच्या उसळीला व ताकाला बाटलीनें व पुडीनें घरांतून बाहेर काढूं देऊं नका. भारताच्या अन्न सुरक्षा खात्यानें २०२० सालीं नियम केला आहे कीं, चरबी, मीठ किंवा साखर फाजील असलेले पदार्थ शाळेच्या आवारांत व फाटकापासून ५० मीटरच्या आंत विकूं नयेत. शाळा सुटण्याच्या वेळीं एकदां फाटकापाशीं उभे राहून त्या नियमाचें काय होतें तें स्वतः पाहा, आणि आम्हां शिक्षकांस त्याचा जाब विचारा. तो तुमचा हक्क आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं जो अंगानें भारी आहे त्याला माझें सांगणें इतकेंच कीं, तूं कोणाचाही अपराधी नाहींस. परंतु तुझें शरीर तुझ्या हातीं आहे, आणि आजपासून बाटलीऐवजीं पाणी व बसण्याऐवजीं तासभर खेळ, एवढें तुला करतां येईल. आणि जे अंगानें सडपातळ आहेत, त्यांनीं संध्याकाळीं खेळावयास निघतांना त्याला हांक मारावी. ज्याला खेळांत शेवटीं घेतात, तो हळूहळू खेळणेंच सोडतो. आणि मग त्याचा रोग वाढण्यांत आपल्या हंसण्याचाही वांटा असतो. दोष कोणाचा, या प्रश्नाचा निवाडा देवाकडे सोंपवावा. त्या मुलाला मैदानावर आणणें, एवढें काम त्यानें आपल्याकडे ठेविलें आहे.